ऑर्गनायझर सांगतो की अडवतो? 'इंडक्शन' या शब्दाची पार्श्वभूमी

भ्रूणातल्या एका भागामुळे शेजारच्या पेशींनी काय बनायचं ते ठरतं, त्याला इंडक्शन म्हणतात. गोष्ट १९२४ची, जर्मनीतली. न्यूटच्या (पालीसारखा दिसणारा उभयचर) भ्रूणातला ब्लास्टोपोअरचा, म्हणजे पेशी आत शिरतात त्या छिद्राचा, वरचा ओठ कापून दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला लावला आणि तिथे दुसरा अक्ष, म्हणजे डोकं-पाठ असलेलं दुसरं शरीर, उभा राहिला, जोडलेल्या जुळ्यांसारखा. देणारा भ्रूण फिका, घेणारा गडद, त्यामुळे सरळ दिसलं की नवीन नर्व्ह ट्यूब (जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी) बरीचशी घेणाऱ्याच्याच पेशींची आहे. त्या ओठाला ऑर्गनायझर नाव पडलं, १९३५चं नोबेल त्याच्यावरच मिळालं. प्रत्यक्ष हातांनी हे ग्राफ्ट करणारी पीएचडीची विद्यार्थिनी मात्र १९२४मध्येच भाजून गेली, वय २५. हे दर वेळी सांगायलाच हवं.

मग सगळे तो पदार्थ शोधायला लागले आणि तिथेच गाडी रुतली. १९३२ला कळलं की मारलेला, उकळलेला ओठसुद्धा काम करतो, पुढे तर मेथिलीन ब्लूसारख्या रंगानेही नर्व्ह टिश्यू बनायला लागली. न्यूटचं एक्टोडर्म, म्हणजे भ्रूणाचा बाहेरचा थर, इतकं तयारीत असतं की जरा धक्का लागला तरी तिकडेच वळतं, मग खरा सिग्नल कुठला ते कसं कळणार? पुढची काही दशकं तशीच गेली.

खरी मजा ८०च्या शेवटी, झेनोपस बेडकात. १९८९ला विंट-१ या सिग्नल प्रोटीनचा आरएनए टोचला तर अक्ष दुप्पट झाला. १९९२ला नॉगिन हे प्रोटीन सापडलं, यूव्ही दिलेल्या भ्रूणात, जिथे नुसतं पोटच पोट बनतं, तिथे ते टोचलं की पाठ परत येते. १९९४ला कॉर्डिन. सगळ्यांना वाटलं, हाच तो 'मज्जा (नर्व्ह टिश्यू) बन' म्हणणारा निरोप. पण १९९६ला कळलं की दोन्ही प्रोटीनं पेशीला स्वतःहून काही सांगतच नाहीत, ती पेशीबाहेरच्या बीएमपीला, म्हणजे एक्टोडर्मला 'कातडी बन' सांगणाऱ्या सिग्नल प्रोटीनला, धरून ठेवतात, रिसेप्टरपर्यंत पोचूच देत नाहीत.

म्हणजे ७० वर्षं आपण ज्याला इंडक्शन म्हणत होतो ते आदेश देणं नव्हतंच, आदेश अडवणं होतं. याची खूण आधीच मिळाली होती, १९८९ला एक्टोडर्मच्या पेशी काही तास सुट्या करून ठेवल्या तर त्या आपोआप नर्व्हकडे गेल्या, कारण बीएमपी पाण्यात विरून गेलं. यावरून 'डिफॉल्ट मॉडेल' हे नाव आलं आणि मला ते नाव अजिबात पटत नाही. डिफॉल्ट म्हटलं की वाटतं काहीच केलं नाही तर मज्जा बनते, पण अख्ख्या भ्रूणात बीएमपी असतंच, ते सतत अडवत राहावं लागतं, यात 'काहीच नाही' कुठे आलं? शिवाय कोंबडीच्या भ्रूणात नुसतं बीएमपी अडवून भागत नाही, आधी एफजीएफ हे दुसरं सिग्नल प्रोटीन लागतं, हे २०००च्या आसपास दिसलं आणि त्यावरून बरीच वर्षं वाद झाला. बेडूकवाले म्हणायचे तुमची वेळ चुकतेय, कोंबडीवाले म्हणायचे तुमच्या बेडकात एफजीएफ आधीच चालू असतं. माझं मत कोंबडीवाल्यांकडे झुकतं. पण २००५ला बेडकात नॉगिन, कॉर्डिन आणि बीएमपी अडवणारंच फॉलिस्टॅटिन, तिन्ही एकदम कमी केले तेव्हा न्यूरल प्लेट (मज्जासंस्था जिच्यातून बनते तो पट्टा) जवळजवळ गेलीच, ते नाकारता येत नाही.

जाता जाता, माशीत कॉर्डिनचा भाऊ सॉग पोटाच्या बाजूला असतो आणि बीएमपीचा भाऊ पाठीला, म्हणजे आपण माशीच्या उलटे आहोत हा १८२२चा पॅरिसमधला विचार, ज्याला लोक हसले होते, १९९०च्या दशकात परत उभा राहिला.

हल्लीचं बरंच काम त्याच्याही आधीच्या टप्प्यावर आहे: ऑर्गनायझर कुठे बसायचा हे कोण ठरवतं? फर्टिलायझेशननंतर बेडकाच्या अंड्याचं वरचं आवरण साधारण ३० अंश फिरतं, स्पर्म शिरला त्याच्या समोरच्या बाजूला बीटा-कॅटेनिन नावाचं प्रोटीन टिकतं आणि तिथे पाठ होते, इथपर्यंत सगळे एकमत. पण बीटा-कॅटेनिन टिकवतं कोण? २००५ला बेडकात आईकडून आलेलं विंट-११ पुढे आलं आणि प्रश्न सुटला असं वाटलं. मग २०१८ला झेब्राफिशमध्ये हुलुवा नावाचं प्रोटीन मिळालं, तेही आईकडूनच अंड्यात आलेलं, ते नसेल तर अक्षच नाही, बेडकातही तेच, आणि ते बीटा-कॅटेनिन टिकवतं विंटचा निरोप न घेता, त्याला मोडायला लावणाऱ्या ॲक्सिनला संपवून.