झोपलेल्या आभासी प्रोसेसरांना उठवताना

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक, तयार करताना आपण तिला चार प्रोसेसर देतो आणि काही क्षणांतच आतली गेस्ट ऑपरेटिंग सिस्टिम चारही प्रोसेसर दाखवू लागते. त्या काही क्षणांत जे घडते, ते मला संगणकशास्त्रातल्या सर्वांत सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते. कारण बूट होताना जागा असतो तो एकच प्रोसेसर. उरलेले तिघे निजलेले असतात आणि त्यांना उठवण्याची जबाबदारी त्या पहिल्यावरच असते.

मुळात आभासी प्रोसेसर ही काही वस्तू नव्हे. लिनक्समध्ये २००७ साली २.६.२० या आवृत्तीबरोबर आलेल्या केव्हीएम या हायपरवायझरचे (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) उदाहरण घेतले, तर तिथे प्रत्येक आभासी प्रोसेसर म्हणजे यजमान म्हणजे खऱ्या संगणकावरचा एक साधा थ्रेड, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा, असतो आणि त्याच्यासोबत त्या प्रोसेसरच्या रजिस्टरांची (आतल्या छोट्या साठवण-जागांची) जपून ठेवलेली स्थिती असते. ज्याला अजून कोणी उठवलेले नाही, त्या प्रोसेसरचा थ्रेड कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, नुसता थांबून राहतो आणि खऱ्या प्रोसेसर-कोअरचा वेळ घेत नाही. म्हणजे इथे ‘सुरू करणे’ याचा अर्थ वीज जोडणे असा नसून, रजिस्टरांमध्ये योग्य आकडे भरून त्या थ्रेडला धावण्याची मुभा देणे एवढाच आहे.

गेस्टला मात्र यातले काही ठाऊक नसते. आपण खऱ्या यंत्रावरच आहोत अशा समजुतीने ती फर्मवेअरने (यंत्र सुरू होताच चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरने) मेमरीत ठेवलेले एसीपीआयचे, म्हणजे यंत्रातल्या भागांची माहिती देणाऱ्या मानकाचे, तक्ते वाचते, त्यांत कोणकोणते प्रोसेसर नोंदलेले आहेत हे पाहते आणि एकेकाला त्याच्या क्रमांकाने हाक मारते. इंटेल-एएमडी घराण्याच्या एक्स८६ प्रोसेसरांत ही हाक प्रत्येकाच्या एपिक या इंटरप्ट-नियंत्रकामार्फत, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणारे संकेत हाताळणाऱ्या भागामार्फत, जाते. आधी ‘इनिट’ हा संदेश जातो आणि झोपलेला प्रोसेसर मूळ स्थितीत येतो. जुन्या पद्धतीनुसार मग १० मिलिसेकंद थांबून ‘सिपी’ म्हणजे ‘आता काम सुरू कर’ हा संदेश धाडला जातो आणि गरज पडल्यास तो पुन्हा एकदा पाठवला जातो.

सिपीमध्ये काम कुठून सुरू करायचे हे सांगण्यासाठी फक्त ८ बिटांची जागा आहे. त्या जागेत ८ हा आकडा असेल, तर त्याला ४,०९६ ने गुणून येणाऱ्या ३२,७६८ या पत्त्यावरून प्रोसेसर पहिली सूचना उचलतो. त्यामुळे सुरुवातीचा पत्ता नेहमी पहिल्या १ मेगाबाइटमध्येच असावा लागतो आणि नवा प्रोसेसर १९७८ सालच्या ८०८६ या इंटेलच्या प्रोसेसरसारखाच, १६ बिटांच्या ‘रिअल मोड’ या जुन्या कार्यपद्धतीत जागा होतो. तिथे गेस्टने आधीच ‘ट्रॅम्पोलिन’ नावाचा छोटा कोड मांडून ठेवलेला असतो. तो प्रोसेसरला १६ बिटांतून ३२ आणि मग ६४ बिटांत नेऊन मुख्य कर्नलच्या हवाली करतो.

हायपरवायझर हा सगळा सोहळा इमानेइतबारे पार पाडतो. गेस्टने एपिकवर लिहिलेला संदेश तो ओळखतो, ज्याला हाक मारली त्याच्या रजिस्टरांत सिपीतल्या आकड्यावरून काढलेला पत्ता भरतो आणि थांबलेल्या थ्रेडला जागे करतो. ऐकायला हे सोपे आहे, पण २००५ साली इंटेलने प्रोसेसरांत आभासीकरणाची सोय दिली तेव्हा तिला गेस्टचा रिअल मोड थेट चालवता येत नव्हता; त्यामुळे हायपरवायझरला त्या सुरुवातीच्या सूचनांपैकी काहींचे काम सॉफ्टवेअरमधून स्वतः करावे लागे. ही अडचण इंटेलच्या २०१० च्या सुमाराच्या प्रोसेसरांत दूर झाली.

आणखी एक अडचण वेळेची आहे. खऱ्या यंत्रावर हाक मारलेला प्रोसेसर लगेच उत्तर देतो. पण यजमान संगणकावर कामाची गर्दी असेल, तर आभासी प्रोसेसरच्या थ्रेडला खरा कोअर मिळेपर्यंत उशीर होऊ शकतो. लिनक्सचे कर्नल नव्या प्रोसेसरच्या पहिल्या चाहुलीसाठी १० सेकंदांपर्यंत वाट पाहते, आणि एवढ्या वेळात हालचाल दिसली नाही तर त्याला सोडून पुढे जाते. शिवाय पूर्वी ट्रॅम्पोलिनमधून एका वेळी एकच प्रोसेसर जाऊ शकत असे, कारण स्टॅकचा (चालू कामाची तात्पुरती माहिती ठेवण्याच्या मेमरीतल्या जागेचा) पत्ता ठेवायला सगळ्यांमध्ये मिळून एकच जागा होती. २०२३ मधल्या ६.५ या आवृत्तीपासून प्रत्येक प्रोसेसर स्वतःचा क्रमांक वाचून आपापला स्टॅक शोधतो, त्यामुळे अनेकांना एकत्र उठवता येते. मोठ्या यंत्रांसाठी ही फार मोलाची सुधारणा आहे.

या जुन्या वाटेने सगळेच जात नाहीत. एआरएम या वेगळ्या घराण्याच्या प्रोसेसरांवर गेस्ट ‘अमुक प्रोसेसर या पत्त्यावर सुरू कर’ अशी एकच सुटसुटीत विनंती करते. गेस्टला यजमानापासूनही सुरक्षित ठेवणाऱ्या इंटेलच्या टीडीएक्स तंत्रज्ञानात तर हायपरवायझरवर विश्वासच ठेवायचा नसतो आणि त्याला गेस्टच्या रजिस्टरांना हात लावता येत नाही. तिथे इतर प्रोसेसर फर्मवेअरच्या छोट्या कोडमध्ये मेमरीतल्या एका ठरावीक जागेवर नजर ठेवून असतात. पहिला प्रोसेसर तिथे क्रमांक आणि पत्ता लिहितो, ज्याचा क्रमांक असेल तो त्या पत्त्यावर झेप घेतो, आणि रिअल मोडची पायरी न चढता थेट ६४ बिटांत कामाला लागतो.