पंपिंगचा आकडा कोणत्या यंत्राचा?

टू डी इकोचा, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदय पाहणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट आला की घरातला पहिला प्रश्न असतो, ‘पंपिंग किती आलं?’ उत्तर ‘साठ टक्के’ असं मिळालं की चेहरे उतरतात. उरलेले चाळीस गेले कुठे, असं वाटतं. खरं तर साठ हा निरोगी हृदयाचा आकडा आहे. कुणाचंच हृदय आत आलेलं सगळं रक्त एका ठोक्यात बाहेर टाकत नाही.

हिशोब साधा आहे. डावीकडचा खालचा कप्पा पूर्ण भरला तेव्हा त्यात १२० मिलिलिटर रक्त होतं आणि आकुंचनानंतर ५० उरलं, असं समजू. म्हणजे ७० बाहेर पडलं. १२०मधले ७० म्हणजे सुमारे ५८ टक्के. या ‘पंपिंग’लाच इजेक्शन फ्रॅक्शन किंवा ईएफ म्हणतात. आता ताणून मोठं झालेलं एक हृदय घ्या. त्यात भरल्यावर २०० मिलिलिटर रक्त मावतं आणि आकुंचनानंतर १३० उरतं. शरीराला मिळणारं रक्त तेवढंच, ७० मिलिलिटर. पण ईएफ ३५ टक्के. या आकड्यावर मोठे निर्णय ठरतात. ४० किंवा त्याहून कमी असेल तर हार्ट फेल्युअरची ठरावीक औषधं सुरू होतात. ३५ किंवा त्याखाली गेला, तर छातीत डीफिब्रिलेटर (जीवघेणे बिघडलेले ठोके विजेच्या झटक्याने ताळ्यावर आणणारं यंत्र) बसवायचा का याचा विचार होतो. म्हणून तो कसा मोजला, हे विचारायलाच हवं.

सगळ्यात जास्त वेळा तो इकोनेच मोजला जातो. या तपासणीचा उगम स्वीडनमधला. लुंडचे हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर यांना शस्त्रक्रियेआधी मायट्रल झडप (डावीकडच्या दोन कप्प्यांमधली) किती आक्रसली आहे हे कळायला हवं होतं. भौतिकशास्त्रज्ञ हेलमुथ हर्ट्झ यांनी जवळच्या माल्मो शहरातल्या जहाज कारखान्यातलं एक यंत्र वापरून पाहिलं. धातूतल्या भेगा ध्वनिलहरींनी शोधणारं ते यंत्र त्यांनी स्वतःच्याच छातीवर टेकवलं, तर पडद्यावर हृदयाचा प्रतिध्वनी हलताना दिसला! १९५३मध्ये दोघांनी हृदयाची अशी पहिली नोंद केली.

इको झडपा दाखवतो, डॉपलरने (परतणाऱ्या ध्वनीच्या बदलत्या कंपनांवरून) रक्ताचा वेग आणि त्यावरून दाबाचा अंदाज देतो. किरणांचा संबंध नाही, यंत्र रुग्णाच्या खाटेपाशी नेता येतं. मला विचाराल तर पहिली तपासणी इकोच. पण घनफळ मोजताना तो एका गृहीतकावर उभा असतो. आपल्याला दिसतात दोन-तीन सपाट छेद, आणि कप्पा लांबट, नियमित आकाराचा आहे असं धरून त्यांवरून घनफळ काढलं जातं. हार्ट अटॅकनंतर एखादी भिंत फुगली असेल तर हे गृहीतक लंगडं पडतं. जुन्या पद्धतीत तर एकाच व्यासावरून घनफळ काढत. त्यात ५ सेंटिमीटरऐवजी ५.२ मोजलं गेलं, तर व्यासातली ४ टक्क्यांची चूक साध्या घनाच्या हिशोबात १२ टक्क्यांवर जाते. शिवाय फुप्फुसातली हवा मध्ये येते, कप्प्याचं टोक छेदातून निसटतं. त्यामुळे एकाच रुग्णाचा ईएफ एकाने ६० आणि दुसऱ्याने ५५ काढला, तर त्यात कुणाची चूक असेलच असं नाही. ‘गेल्या वेळेपेक्षा पाचने खाली आलं’ म्हणून झोप उडालेली माणसं पाहिली की हे समजावून सांगावंसं वाटतं.

एमआरआयमध्ये गृहीत धरावं लागत नाही. स्लाइस ब्रेडसारखे, साधारण ८ मिलिमीटर जाडीचे काप टोकापासून वरपर्यंत घेतात, प्रत्येक कापातली पोकळी आखतात आणि बेरीज करतात. म्हणून घनफळासाठी एमआरआयच प्रमाण मानला जातो. आतल्या भिंतीवरच्या स्नायूंच्या जाळीतलं रक्तही त्यात स्पष्ट दिसतं. त्यामुळे त्याने मोजलेलं घनफळ साध्या इकोपेक्षा सहसा मोठं येतं, आणि दोन रिपोर्ट शेजारी ठेवले की गोंधळ उडतो. उणिवाही आहेत. अर्धा-पाऊण तास अरुंद बोगद्यात पडून राहायचं, पुन्हा पुन्हा श्वास रोखायचा. शिवाय एक चित्र अनेक ठोक्यांतून जुळवलेलं असल्याने ठोके अनियमित असले की ते धूसर होतं.

सीटी स्कॅननेही ईएफ काढता येतो, पण त्यातला रंगद्रव्याचा डोस आणि क्ष-किरण पाहता केवळ त्यासाठी सीटी क्वचितच करतात. त्याचं खरं काम हृदयाच्या धमन्या दाखवण्याचं.

मुगा स्कॅन मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे. रुग्णाच्याच लाल रक्तपेशींना टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य जोडतात. दर ६ तासांनी त्याची किरणोत्सारिता निम्मी होते. मग गॅमा कॅमेरा कप्प्यातून येणारे किरण मोजतो. रक्त कमी झालं की मोजणीही त्याच प्रमाणात घटते, मग कप्प्याचा आकार कितीही वेडावाकडा असो. आकडा पुन्हा मोजला तरी जवळपास तोच येतो. म्हणून डॉक्सोरुबिसिनसारखी हृदयाला इजा करू शकणारी कॅन्सरची औषधं घेणाऱ्यांसाठी मुगा फार वापरला गेला. पण झडपांबद्दल तो जवळजवळ काहीच सांगत नाही आणि किरणोत्साराचा डोस प्रत्येक वेळी सोसावा लागतो. आता बऱ्याच ठिकाणी त्याची जागा इकोने घेतली आहे. या रुग्णांच्या बाबतीत माझा आग्रह एकच: पहिली तपासणी ज्या पद्धतीने झाली, पुढच्याही त्याच पद्धतीने आणि जमलं तर त्याच केंद्रात करा. आधी मुगा आणि मग इको केला, तर मधला फरक औषधाचा की यंत्राचा, हे कळणारच नाही.

आणि काही आजारांत ईएफ उशिरा बोलतो. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना आयुष्यभर रक्त चढवावं लागतं, त्यातलं लोह हृदयाच्या स्नायूत साचत जातं आणि ईएफ बराच काळ नॉर्मल राहतो. एमआरआयमधलं टी-टू-स्टार हे मोजमाप ते लोह थेट पकडतं. स्नायूतून येणारा संकेत किती वेळात विरतो हे ते मोजतं, आणि लोह जास्त तितका तो लवकर विरतो. ही वेळ २० मिलिसेकंदांपेक्षा कमी भरली तर लोह साचलंय, १०च्या खाली गेली तर धोका मोठा. ब्रिटनमध्ये २००० सालानंतर या रुग्णांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू झपाट्याने घटले, त्यात या तपासणीचा मोठा वाटा मानला जातो. हृदय थकायच्या आधीच लोह काढणारी औषधं वाढवता येतात, आणि साचलेलं लोह महिनोन्‌महिने हळूहळू उतरत जातं.