बाहेर दाखवणारी काच, बाहेर नेणारी सपरी

वावरात किंवा गावाबाहेरच्या प्लॉटवर घर बांधणारा माणूस हल्ली हमखास सांगतो की घर ‘मोकळे’ हवे. या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. घरात बसून बाहेरचे दिसणे ही एक, आणि घरातला वावर बाहेरपर्यंत पोहोचणे ही दुसरी. पहिलीसाठी जमिनीपासून छतापर्यंत काच लावतात. दुसरीसाठी आपल्याकडे विदर्भात सपरी आहे, जिला अन्यत्र ओसरी म्हणतात. कागदावरच्या चित्रात दोन्ही घरे सारखीच मोकळी दिसतात. फरक कळतो तो मे महिन्यात.

काचेच्या घराचा गाजलेला नमुना अमेरिकेतील इलिनॉय राज्यात आहे. मीस व्हान डेर रोह या वास्तुविशारदाने एडिथ फार्न्सवर्थ या डॉक्टर बाईंसाठी बांधलेले, चारही बाजूंनी काच असलेले हे घर १९५१ मध्ये पूर्ण झाले. ते देखणे आहे यात वाद नाही, पण उन्हाळ्यात ते तापत असे आणि हिवाळ्यात काचांवर पाणी साचत असे. काच उन्हाला आत येऊ देते. त्या उन्हाने तापलेल्या फरशीची आणि सामानाची उष्णता मात्र तितक्या सहज बाहेर पडू देत नाही. थंड प्रदेशात हाच गुण कामी येतो, विदर्भात तोच अंगावर येतो.

त्यातही दिशेचा प्रश्न मोठा आहे. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेला सुमारे ४५ अंशांवर असतो, तर मे-जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर येतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर पुरेसा सज्जा असला की उन्हाळ्यातले दुपारचे ऊन अडते आणि हिवाळ्यातले हवेहवेसे ऊन आत येते. पश्चिमेला हा हिशेब चालत नाही, कारण तिसऱ्या प्रहराचे तिरपे ऊन सज्ज्याखालून थेट आत शिरते. तेव्हा सूर्यास्त दिसावा म्हणून पश्चिमेला मोठी काच लावली, तर उन्हाळाभर ती जाड पडद्याआड ठेवावी लागते. हा सूर्यास्त मला फारच महाग वाटतो.

दुसरी अडचण कूलरची. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढून आत ढकलतो. ती बाहेर जायला वाट नसेल तर खोली गार होण्याऐवजी दमट होते. म्हणजे उघडी खिडकी ही कूलरची गरज आहे आणि न उघडणारी काच ही त्याची अडचण. अशा घरात शेवटी एसी येतो आणि वीज गेली की काहीच उरत नाही.

सपरीचे काम वेगळे आहे. ती भिंतीवर सावली धरते, त्यामुळे भिंत मुळातच कमी तापते, आणि कवेलूंचा, म्हणजे कौलांचा, उतार खाली आलेला असला की पावसाची झडही दारापर्यंत पोहोचत नाही. शिवाय तिथे माणूस नुसता बघत नाही. डाळ निवडतो, पाहुण्याला पाणी देतो, रात्री खाट टाकून झोपतो. सेवाग्रामच्या बापू कुटीत माती, बांबू आणि कवेलू अशा साध्या सामग्रीत हे साधलेले आजही पाहता येते. सिमेंटच्या घरालाही पश्चिमेला आठ फूट रुंद सपरी लावता येते आणि तिच्यापुढे कडुनिंब.

घरातली फरशी आणि बाहेरची जमीन एकाच पातळीवर ठेवण्याची सध्याची आवडही बाहेरचे दिसणे आणि बाहेर वावरणे या दोन गोष्टींच्या गल्लतीतूनच येते. पण आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे पाया मुरुमापर्यंत नेतात आणि जोते उंच ठेवतात. उंच जोत्याने अंगण तुटेल अशी भीती दाखवली जाते, पण त्याच्या दोन-तीन रुंद पायऱ्यांवरच संध्याकाळी घरातली माणसे येऊन बसतात.