रडू थांबलं, तरी कॉर्टिसॉल चढतच असतं

जून उजाडला की शिशुवर्गाच्या फाटकाशी रडारड सुरू होते. छातीवर पिनेने अडकवलेला रुमाल आणि आईच्या ओढणीत घट्ट रुतलेली बोटं. बाई धीर देतात, "तुम्ही निघा हो, पाठ वळली की दहा मिनिटांत गप्प होतो." त्यांचं म्हणणं खरं आहे, बरीचशी मुलं गप्प होतातही. पण त्यावरून 'चला, रुळला' असं आपण ठरवून टाकतो, ते मला पटत नाही. रडू ओसरतं तेव्हा शरीरातली ताणाची मुख्य प्रक्रिया, म्हणजे कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची वाढ, नुकती कुठे जोर धरत असते.

आई दिसेनाशी झाली की मेंदूतला हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला इशारा देतो. पीयूषिका एसीटीएच हे संप्रेरक रक्तात सोडते आणि ते मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीपर्यंत पोचतं. या ग्रंथीच्या गाभ्यात ॲड्रेनॅलिन इवल्या पिशव्यांत भरून तयार असतं, म्हणून छाती क्षणात धडधडू लागते. कॉर्टिसॉल त्याच ग्रंथीच्या बाहेरच्या थरात बनतं, पण त्याचा साठा करता येत नाही. ते स्टेरॉइड आहे, मेदात विरघळणारं. पेशीचं आवरणही मेदाचंच, त्यामुळे ते आरपार निसटतं. म्हणून मागणी आली की दर वेळी ताजं रांधावं लागतं. कच्चा माल कोलेस्टेरॉल. 'स्टार' नावाचं प्रथिन ते तंतुकणिकेच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या) आतल्या पटलापर्यंत नेतं, तिथे त्याची बाजूची साखळी छाटली जाते. तो रेणू बाहेर आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात जातो, काही फेरफार होऊन पुन्हा तंतुकणिकेत येतो आणि तिथे शेवटचा हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) बसला की कॉर्टिसॉल तयार! एवढा खटाटोप असल्यामुळे त्याची पातळी शिखर गाठते ती साधारण वीस ते तीस मिनिटांनी. मग तेच कॉर्टिसॉल मेंदूत पोचून हायपोथॅलॅमसला आणि पीयूषिकेला 'आता पुरे' असं कळवतं. तरीही रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला तासभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो.

आरपार निसटण्याच्या याच गुणामुळे कॉर्टिसॉल लाळेतही उतरतं. म्हणून सुई न टोचता, नुसता बोळा चघळायला देऊन मुलाचा ताण मोजता येतो. मला हे फार सुंदर वाटतं.

लीझेलॉट आनर्ट, मेगन गनर आणि सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या पाळणाघरांत १५ महिन्यांच्या ७० बाळांची लाळ अशीच तपासली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आई निघून गेल्यावरच्या पहिल्या तासात कॉर्टिसॉल घरच्यापेक्षा ७५ ते १०० टक्के जास्त आढळलं. पाच महिन्यांनी ते उतरलं होतं, पण घरच्या पातळीवर आलं नव्हतं. आपली शिशुवर्गातली मुलं वयाने मोठी, तेव्हा हेच आकडे त्यांना लावू नयेत. हा चढउतार म्हणजे मेंदूला इजा, असंही नाही. भेदरवणारे व्हिडिओ तसं सांगतात, त्यांच्याकडे काणाडोळा करावा. तात्पुरतं वाढणारं कॉर्टिसॉल हे निरोगी शरीराचं काम आहे.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मूल किरकिरतं, जेवत नाही, म्हणून मीठ-मोहरी उतरवून दृष्ट काढणारी घरं आजही आहेत. दृष्टबिष्ट काही नसते. नव्या माणसांत सकाळ काढून दमलेल्या त्या जिवाला लवकर झोपवा, जवळ घ्या.

ही यंत्रणा नेमकी कशाने चेतते? ताणाचे अभ्यासक जॉन मेसन यांनी १९६८ मध्ये जुन्या प्रयोगांचा आढावा घेऊन दोन गोष्टींवर बोट ठेवलं: नवखेपणा आणि पुढे काय होणार याचा अंदाज नसणं. म्हणूनच मुलाचा डोळा चुकवून सटकणं मला घातक वाटतं. आई कधीही गायब होऊ शकते, एवढंच ते मूल त्यातून शिकतं. 'खाऊ खाऊन झाला की मी येते' असं सांगून, रडत असलं तरी तोंडदेखत निघावं आणि खरोखर त्याच वेळी यावं.

नवखेपणावर उपाय ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला केव्हाच केला होता. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी वर्गच मुलांच्या अंगणात नेला. शहरातल्या शाळांना अंगणात जाणं जमणार नाही, पण पहिला आठवडाभर आईबाबांपैकी एकाला वर्गात कोपऱ्यात बसू देणं नक्की जमेल. बर्लिनच्या अभ्यासात आई सोबत असतानाच्या दिवसांत, तिच्याशी घट्ट जवळीक असलेल्या बाळांचं कॉर्टिसॉल इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होतं. प्रवेशाच्या वेळी शाळेला फीबरोबर हेही विचारा: पहिल्या आठवड्यात आम्हाला आत बसू द्याल का?