सेंतोपासून बोअरपर्यंत: टोकियोच्या स्पामधल्या अंघोळीची पार्श्वभूमी

टोकियोतल्या बड्या स्पामध्ये सजावट डोंगरातल्या ओनसेनची, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांची असते. दगडी कुंड, बांबू, वर मोकळे आकाश. पण आत शिरल्यावर पाळावे लागणारे बहुतेक नियम झऱ्यांवर घडलेले नाहीत. ते घडले सेंतोमध्ये, म्हणजे पैसे देऊन अंघोळ करायच्या शहरी सार्वजनिक न्हाणीघरांत. आणि सेंतोला वळण लावले ते आगीच्या भीतीने आणि सरपण-पाण्याच्या खर्चाने.

जपानमध्ये लोकांसाठी स्नानाची सोय आधी बौद्ध मठांनी केली. सम्राज्ञी कोम्यो (701–760) हिने हजार लोकांना स्वतःच्या हाताने न्हाऊ घालण्याचा संकल्प सोडला होता, अशी आख्यायिका आहे. तिच्याशी जोडलेले वाफेचे न्हाणीघर नारा येथील होक्केजी मठात आजही दाखवतात. हे स्नान धर्मादाय होते.

धंदा सुरू झाला एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत. 1590 मध्ये तोकुगावा इएयासू (पुढे जपानचा शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, झालेला सरदार) तिथे आला आणि शहर वसू लागले. पुढच्याच वर्षी इसे योइची नावाच्या माणसाने झेनिगामे पुलाजवळ वाफेचे न्हाणीघर थाटले. घरे लाकडाची आणि एकमेकांना खेटून, त्यामुळे घरोघरी भट्टी पेटवणे म्हणजे आगीला आमंत्रण. बऱ्यापैकी पैसेवाले व्यापारीही सेंतोतच जात. जोराचा वारा सुटला की सेंतोही बंद ठेवावा लागे. पुरुषांच्या बाजूला वरच्या मजल्यावर चहा आणि गो, शोगी या बैठ्या खेळांचे पट असत. लोक तिथे तासन्‌तास रेंगाळत.

आत मात्र चैन नव्हती. वाफ कोंडून राहावी आणि लाकूड कमी जळावे म्हणून अंघोळीच्या गरम पाण्याच्या टाकीच्या तोंडाशी वरून फळ्यांची भिंत सोडलेली असे. तिला झाकुरोगुची म्हणत. खाली उरलेल्या फटीतून कमरेत वाकून आत जायचे. आत मिट्ट काळोख, शेजारी कोण बसले आहे ते कळत नसे, आणि पाणी किती मळले आहे तेही नाही. 1791 मध्ये स्त्री-पुरुषांच्या एकत्र स्नानावर बंदी आली, पण ती पुन्हा पुन्हा घालावी लागली. खरा बदल झाला 1877 मध्ये. टोकियोतल्या ‘कांदा’ नावाच्या भागातल्या एका सेंतोने झाकुरोगुची काढून टाकली, टाकी जमिनीत उतरवली, छत उंच केले आणि वाफेला वर झरोके ठेवले. स्पामधला आजचा ऐसपैस, उजेडाचा स्नानहॉल याच नमुन्यावर उभा आहे. भिंतीवरचा फुजी पर्वत तर आणखी उशिराचा, 1912 सालचा.

पाणी सगळ्यांचे एकच, म्हणून अंग धुणे टाकीबाहेर. हा या स्नानाचा गाभा. मोरीत पाटावर बसून बादली-तांब्याने अंघोळ केलेल्या मराठी माणसाला ते शिकवावे लागत नाही. बसूनच धुवायचे, नाहीतर शेजाऱ्यावर शिंतोडे उडतात. केसांतला आणि अंगावरचा साबण पूर्ण गेल्याशिवाय टाकीकडे वळायचे नाही. वेदनाशामक गोळीची जाहिरात म्हणून 1963 पासून सेंतोंत आलेली ‘केरोरिन’ची पिवळी प्लास्टिक बादली बघा. टोकियोकडची सुमारे 360 ग्रॅमची, ओसाकाकडची सुमारे 260 ग्रॅमची. टोकियोत ती नळाखाली भरतात. ओसाकाकडे टाकीतले पाणी त्याच बादलीने उपसून अंगावर घ्यायची पद्धत. मोठी बादली भरून उचलायला जड जाते, म्हणून तिकडची लहान.

दुसऱ्या महायुद्धानंतर, 1948 मध्ये, सार्वजनिक न्हाणीघरांचा कायदा आला. सेंतोची कमाल फी आजही प्रांताचा गव्हर्नर ठरवतो. टोकियोत ऑगस्ट 2024 पासून ती 550 येन झाली. 1968 च्या सुमारास देशात जवळपास 18 हजार सेंतो होते. मग घरोघरी टब आले आणि सेंतोंना उतरती कळा लागली. आज दोन हजारही नाहीत. मोठ्या ‘सुपर सेंतो’ आणि स्पांना मात्र फीची मर्यादा नाही. तापलेल्या दगडी लाद्यांवर पडून घाम काढणे, अंग खरवडून मळ काढणे, मालिश असे ‘उपचार’ तिथेच का फोफावले, याचे अर्धे उत्तर या हिशेबात आहे.

उरले पाणी. 1948 च्याच ओनसेन कायद्यानुसार उगमाशी पाणी किमान 25 अंश सेल्सियस असले, किंवा ठरवून दिलेल्या 19 घटकांपैकी एक पुरेशा प्रमाणात असला, की ते ओनसेन. जमिनीत दर 100 मीटरला तापमान साधारण 3 अंशांनी वाढते. म्हणजे दीड हजार मीटर बोअर मारा, ज्वालामुखी नसला तरी ओनसेन लागते. टोकियोखाली ते बहुधा खारट असते, आणि त्यात मिथेन हा पेट घेणारा वायू विरघळलेला असतो. जून 2007 मध्ये शिबुया भागातल्या एका स्पामध्ये हा वायू बाहेर नेणाऱ्या नळीत दव साचून वाट तुंबली, तळघरात वायू भरला आणि स्फोटात तिघी गेल्या. त्यानंतर कायदा बदलून वायू वेगळा काढण्याची सक्ती झाली.

दुसरा धोका फिरवून वापरलेल्या पाण्याचा. फिल्टर आणि नळ्यांच्या आतल्या बुळबुळीत थरात लिजिओनेला जंतू वाढतात आणि बुडबुड्यांच्या तुषारांतून फुप्फुसात जातात. 2002 मध्ये मियाझाकी प्रांतातल्या ह्यूगा शहरात अशा एका स्नानगृहातून 295 जणांना लागण झाली, 7 दगावले. म्हणून क्लोरीन लिटरमागे 0.4 मिलिग्रॅमच्या आसपास राखायचे आणि फिरते पाणी आठवड्यातून किमान एकदा पूर्ण उपसायचे, असा दंडक आहे. नैसर्गिक पाण्याला क्लोरीनचा वास कसा, म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

टाकीत उतरण्याआधी आठ-दहा बादल्या पाणी अंगावर घ्यावे, पायांपासून वर. एकदम उतरले तर रक्तदाब झपकन चढतो. उठतानाही घाई नको. पाण्याचा दाब सुटतो, रक्त पायांकडे उतरते आणि चक्कर येते.  जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेचा सल्ला 41 अंशांपर्यंत आणि 10 मिनिटांच्या आत असा आहे. जुन्या सेंतोत 43–44 अंशांचीही टाकी सापडते. तिथे दोन-तीन मिनिटे पुष्कळ झाली. दारू पिऊन उतरू नये. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर किंवा काठावर ठेवायचा, आणि कपडे बदलायच्या खोलीत जाण्याआधी तो पिळून त्यानेच अंग टिपून घ्यायचे.