पार्श्वभूमी : चारशेची मर्यादा

बुद्धिबळात बलवान आणि कच्चा खेळाडू समोरासमोर आले की जुनी तोड पटावरच असे. बलवानाने आपला घोडा किंवा एखादे प्यादे आधीच उचलून ठेवायचे. पॅरिस-लंडनच्या कॉफीगृहांत हे सर्रास चाले. स्पर्धांमध्ये ही सवलत टिकली नाही. पुढे १८९५ मध्ये झुरिकला स्विस पद्धत आली (कुणी बाद होत नाही, दर फेरीत साधारण सारख्या गुणांच्यांची जोडी लागते). तिच्यात पहिल्या फेरीला वरच्या अर्ध्याची गाठ खालच्या अर्ध्याशी पडते, म्हणजे तफावत आलीच. १९७० पासून जागतिक बुद्धिबळ संघटनेने एलो गुणांकन (खेळाडूची ताकद सांगणारा, निकालांनुसार वर-खाली होणारा आकडा) स्वीकारले आणि सवलतीचा हिशेब कागदावर गेला.

खरा वाद एका ओळीच्या नियमाचा आहे: दोघांच्या गुणांकनातला फरक ४०० हून कितीही जास्त असो, हिशेबात तो ४०० च धरायचा. कोष्टकानुसार तेव्हा बलवानाकडून डावामागे एकापैकी ०.९२ गुणाची अपेक्षा असते. गुणक (निकालाने गुणांकन किती हलेल ते ठरवणारा आकडा) १० असेल तर विजयाचे ०.८ मिळतात, बरोबरीत ४.२ जातात, हरल्यास ९.२. समोरच्या उगवत्या खेळाडूचा गुणक ४० असला तर त्याच बरोबरीत त्याला १६.८ मिळतात. बलवानाच्या त्या ०.८ ला ‘फुकटचे गुण’ म्हणणाऱ्यांनी खुल्या स्पर्धेत पहिला पट, म्हणजे सर्वांत वरच्या खेळाडूची जागा, सांभाळून पाहावा. कागदावरचा १५०० चा पोर पटावर कित्येकदा १९०० चा निघतो.

तरीही जानेवारी २०२२ पासून ही मर्यादा एका स्पर्धेत एकाच डावाला लागू राहिली. बलवान खेळाडू खुल्या स्पर्धांना बिचकू लागले, यात नवल नव्हते. मार्च २०२४ मध्ये मर्यादा पूर्ववत झाली. त्याच वेळी २००० खालच्यांचे गुणांकन वर उचलले गेले (१००० चे १४००, १५०० चे १७००) आणि किमान गुणांकन १४०० ठरले. दुखणे मुळात तळाशी होते, हे त्यातून मान्यच झाले.

मग २०२५ मध्ये वरच्या फळीतला एक खेळाडू जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेसाठीची ४० डावांची पात्रता-अट भरायला छोट्या स्पर्धांत उतरला आणि ओरड झाली. त्याला गुणांपेक्षा डाव हवे होते, पण चर्चा झाली ती गुणांचीच. १ ऑक्टोबरपासून २६५० आणि त्यावरील खेळाडूंसाठी मर्यादा उठली. आता १९०० वाल्याला हरवून २६४० च्या खेळाडूला ०.८ मिळतात, २६६० च्याला शून्य, कारण खरा फरक धरला की त्याच्याकडून पूर्ण गुणाचीच अपेक्षा असते.