वूफरचं निम्मं काम पेटी करते

वूफर, म्हणजे खर्जाचे सूर (बेस) वाजवणारा स्पीकर, पेटीतून काढून उघडाच वाजवून पाहा. पडदा जोरात हलताना दिसतो, बेस मात्र जवळजवळ गायब! पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जाच्या लहरी इतक्या लांब (४० हर्ट्झला साडेआठ मीटर) की त्या पडद्याला सहज वळसा घालतात आणि पुढची लहर मागचीला खाऊन टाकते. मागची लहर कोंडून ठेवणं, हे पेटीचं पहिलं काम.

खर्ज मुळातच महागडा. आवाजाची पातळी तीच ठेवून ८० हर्ट्झवरून ४० वर, म्हणजे एक सप्तक खाली उतरायचं, तर पडद्याला चौपट अंतर हलावं लागतं. २० हर्ट्झला सोळापट. वूफर एवढे रुंद असतात ते म्हणूनच. त्यात आपले कान खर्जाला मंद. २० हर्ट्झचा सूर नुसता कानावर पडायलाच ७० डेसिबलहून जास्त पातळी लागते.

बंद पेटीतली हवा स्प्रिंगसारखी वागते. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ साली याचाच फायदा घेतला. पडद्याची बैठक मुद्दाम सैल ठेवली, त्याला जागेवर आणायचं काम आतल्या हवेवर सोपवलं आणि छोट्या पेटीतून खोल बेस काढला.

भोकाच्या पेटीची, म्हणजे बेस रिफ्लेक्सची, गंमत मला जास्त आवडते. अल्बर्ट थुरास यांचं तिच्यावरचं पेटंट १९३२चं. पेटीतली हवा ही स्प्रिंग आणि भोकाच्या नळीतली हवा हे तिला टांगलेलं वजन. ही जोडी एका ठरावीक वारंवारतेला घुमते. नेमका तो सूर वाजवला तर पडदा जवळपास थबकतो आणि नळीतली हवाच जोरात आतबाहेर करते. तोंडाशी हात धरला तर ती लागते. नळी अरुंद असेल तर फुसफुसही ऐकू येते. त्या सुराच्या खाली मात्र पडद्याला हवेचा आधार उरत नाही. तो भरकटतो आणि आवाज बंद पेटीपेक्षा झपाट्याने घसरतो.

खोक्यावरचे वॉट पाहून वूफर निवडण्यात फारसा अर्थ नाही. साध्या वूफरमध्ये विजेचा जेमतेम एखादा टक्का आवाज होतो, बाकीची पडदा हलवणारी तारेची गुंडाळी (कॉइल) तापवते. ‘३५ हर्ट्झपर्यंत’ असं लिहिलं असेल, तर तिथे पातळी किती डेसिबलने उतरलेली आहे ते पाहावं. तीन असेल तर ठीक. दहा असेल तर तो बेस कागदावरचाच.